दाढीचा ब्रश : एका निवडीचा इतिहास

१

दाढीचा ब्रश कोणता घ्यावा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याजोगा आहे काय, अशी शंका वाचकांना येणे स्वाभाविक आहे. हा प्रश्न फार तर दुकानदाराला विचारावा आणि त्याच्या उत्तरावर अर्धाच विश्वास ठेवावा, असा आपला सर्वसाधारण रिवाज. तथापि ज्या वस्तू रोज हाताळल्या जातात आणि नेमक्या त्यामुळेच ज्यांच्याकडे कधी निरखून पाहिले जात नाही, त्यांच्या पोटात बराच इतिहास साठलेला असतो, असा आमचा अनुभव आहे. ‘आपापल्या आवडीप्रमाणे ब्रश निवडावा’ हा सल्ला ऐकायला निरुपद्रवी वाटतो. पण त्यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पहिली, दाढी करणारा आणि जिची दाढी व्हायची ती व्यक्ती एकच आहे. दुसरी, समोर ठेवलेली वस्तू ज्या नावाने विकली जाते तीच ती आहे. तिसरी, निवडणाऱ्याला त्या वस्तूविषयी पुरेसे ज्ञान आहे. या तिन्ही गोष्टी माणसाला फार उशिरा लाभल्या, आणि त्यांपैकी दुसरीसाठी तर काहींनी प्राण मोजले. प्रस्तुत लेखात आम्ही याच तीन गृहीतांचा मागोवा घेणार आहोत.

आरंभ भाषेपासून करू. मराठीत ‘दाढी करणे’ म्हणजे दाढी नाहीशी करणे. असलेली दाढी टिकवायची तर ती ‘ठेवावी’ किंवा ‘वाढवावी’ लागते. या व्यवहारातले बहुतेक शब्द प्रवासी आहेत. ‘वस्तरा’ फारसीतल्या ‘उस्तुरा’वरून आला. ‘हजामत’ मुळात अरबी. तुंबडी लावून रक्त काढण्याच्या उपचाराला त्या भाषेत ‘हिजामा’ म्हणतात, तो उपचार करणारा तो ‘हज्जाम’, आणि पुढे वैद्यकी मागे पडून त्याच्या हाती केवळ केस कापण्याचे काम उरले. ‘क्षौर’ संस्कृतातल्या ‘क्षुर’ या शब्दाचे अपत्य. या मांदियाळीत ‘ब्रश’ सर्वांत तरुण आणि सरळसरळ इंग्रजी. त्याला देशी प्रतिशब्द मिळाला नाही. ‘कुंचला’ उपलब्ध होता, पण तो चित्रकाराकडेच राहिला. गालावर कोणी कुंचला फिरवला नाही. वस्तू आणि शब्द एकाच गलबतातून उतरले, की असे होते.

याचा अर्थ उघड आहे. ब्रश येण्यापूर्वी आपल्याकडे शतकानुशतके दाढ्या होत होत्या आणि त्या ब्रशावाचून होत होत्या. संत सेना महाराजांच्या प्रसिद्ध अभंगात नाभिकाच्या धंद्यातील उपकरणे आणि क्रिया रूपकासाठी एकामागून एक येतात: विवेकासाठी आरसा, वैराग्यासाठी चिमटा, शांतीसाठी पाणी, शेंडी येते, नखे येतात. साबण येत नाही, ब्रश तर नाहीच. रूपक रचणारा कवी आपल्या धोकटीतली वस्तू सहसा वाया जाऊ देत नाही. म्हणून ही अनुपस्थिती आम्हांला बोलकी वाटते. आपला वाक्प्रचारही हीच साक्ष देतो. एखाद्याची ‘बिनपाण्याने हजामत’ होते, तेव्हा त्याचे किती हाल झाले हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. बिनसाबणाने किंवा बिनब्रशाने असे आपण म्हणत नाही. यातना पाण्याच्या अभावात आहे, हे भाषेने अचूक ओळखले आहे.

विज्ञानही याहून निराळे सांगत नाही. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. पाणी शोषले की ते फुगतात, मऊ पडतात, आणि त्यांना कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. साबणाचा फेस हे पाणी गालावर धरून ठेवतो आणि पात्याला निसरडी वाट करून देतो. ब्रश तो फेस घुसळतो, त्वचेवर पसरवतो आणि पडून राहिलेले केस उभे करतो. म्हणजे मूळ काम पाण्याचे, साबण त्याचा मदतनीस आणि ब्रश त्या मदतनिसाचा मदतनीस. इतक्या दुय्यम वस्तूच्या निवडीला एवढे महत्त्व कसे आले, हा खरा प्रश्न आहे.

२

युरोपातही ब्रश प्राचीन नाही. सर्व्हान्तेसच्या ‘डॉन क्विझोट’चा पहिला भाग १६०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातले न्हाव्याचे पितळी तसराळे वाचकांना आठवत असेल. नायकाला ते मॅम्ब्रिनोचे सुवर्णशिरस्त्राण वाटते. १६१५ सालच्या दुसऱ्या भागात ड्यूकच्या वाड्यातील दासी त्याच नायकाच्या दाढीला थट्टेने साबण फासतात. तसराळे आहे, पाण्याचा तांब्या आहे, पंचे आहेत, साबणाचा गोळा आहे. फेस मात्र हातानेच होतो. कादंबरीकाराची नजर वस्तूंच्या बाबतीत किती काटेकोर असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी या दृश्यातही ब्रश शोधून पाहावा.

ब्रशाला स्वतंत्र नाव आणि प्रतिष्ठा मिळाली ती अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये. फ्रेंच भाषेत दाढीच्या ब्रशाला ‘ब्लेरो’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा मूळ अर्थ बॅजर हा प्राणी असा आहे. बॅजर हा पाणमांजराच्या कुळातला, बिळे करून राहणारा निशाचर. त्याच्या केसांचा झुबका मुठीत बसवला, म्हणून ब्रशाचे नावही तेच पडले. द्रव्यावरून वस्तूला नाव देण्याचा हा लक्षणेचा स्वच्छ नमुना अलंकारशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखा आहे. (आजच्या बोली फ्रेंचमध्ये गावंढळ माणसालाही ‘ब्लेरो’ म्हणतात, ही त्या प्राण्यावरची आणखी एक आफत.)

याच शतकात एक पुस्तक निघाले. झाँ-झाक पेरे हा पॅरिसमधला सुऱ्या-वस्तरे घडवणारा कारागीर. त्याने १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः करण्याची कला शिकवणारा ग्रंथ लिहिला आणि तिला ‘पोगोनोतोमी’ असे भारदस्त ग्रीक नाव दिले. त्वचा सोलली जाऊ नये म्हणून पात्याला लाकडी आडोसा बसवलेला वस्तराही त्यानेच कल्पिला. आमच्या दृष्टीने या ग्रंथाचे महत्त्व त्याच्या हेतूत आहे. तोवर दाढी ही एकाने दुसऱ्याची करायची गोष्ट होती. गळ्यावर पाते फिरवणाऱ्या माणसावर विसंबावे लागे. कोणता साबण, कोणते पाणी, कोणता वस्तरा, हे त्याच्या मर्जीवर असे. दाढी करवून घेणाऱ्याला मत असू शके, निवड नसे. पेरेच्या ग्रंथाने आरशासमोर उभ्या असलेल्या एकट्या माणसाची कल्पना केली. त्या माणसाला स्वतःची उपकरणे लागणार होती, आणि उपकरणे स्वतःची झाली की त्यांच्याविषयी आवडनिवड उत्पन्न होते. इंग्लंडमध्ये विल्यम केंट यांनी १७७७ साली ब्रशांचा कारखाना काढला, तो याच काळात.

तरीही बहुसंख्य पुरुषांना ही मोकळीक मिळायला आणखी सव्वाशे वर्षे लागली, कारण उघडा वस्तरा स्वतःच्या गळ्यावर चालवायला सराव लागतो आणि त्याला रोज पट्ट्यावर घासून धार राखावी लागते. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली त्यांच्या बदलत्या पात्याच्या रेझरचे अमेरिकन पेटंट मिळाले. त्यानंतर स्वतः दाढी करणे हे कौशल्याचे काम न राहता सवयीचे झाले, आणि रेझर घरी आला तसा ब्रशही घरी आला. पहिले गृहीत येथे पूर्ण झाले: करणारा आणि करवून घेणारा एक झाले.

३

दुसऱ्या गृहीताची परीक्षा दहाच वर्षांत झाली. पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत ब्रिटिश सैन्यात ओठावरच्या मिशा काढण्यास मनाई होती. हा नियम ऑक्टोबर १९१६मध्ये रद्द झाला. दाढी मात्र सैनिकांना काढावीच लागे, आणि २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी क्लोरीन वायू सोडल्यानंतर तिला नवे कारण मिळाले. वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसायचा तर गाल गुळगुळीत हवेत. अमेरिका युद्धात उतरल्यावर तेथील सरकारने जिलेटकडे सुमारे पस्तीस लाख रेझरांची मागणी नोंदवली. लाखो सैनिकांना रेझर लागले, तसे ब्रशही लागले.

येथे व्यापाराचा मार्ग आडवा आला. बॅजरच्या केसांचा व्यापार युद्धापूर्वी बराचसा रशियातून जर्मनीमार्गे होत असे, आणि आता जर्मनी शत्रू होता. उपाय म्हणून पूर्व आशियातून आणि सैबेरियातून घोड्याचे केस आणवले गेले आणि त्यांचे ब्रश झाले. बॅजरच्या केसाची खूण अशी की त्याचे टोक फिके असते, मध्ये काळसर पट्टा असतो आणि बुंधा पुन्हा फिका होतो. घोड्याच्या फिक्या केसांवर रंगाने तसाच पट्टा उमटवला की अनभिज्ञ डोळ्याला तो बॅजरच वाटे. नक्कल चांगली वठली होती. दोष दिसण्यात नव्हता. केसांबरोबर जे आले होते ते डोळ्यांना दिसण्यासारखे नव्हते.

जनावरांना होणारा अँथ्रॅक्स हा रोग मराठीत काळपुळी म्हणून ओळखला जातो. ग्रीक ‘अँथ्रॅक्स’ म्हणजे कोळसा. त्वचेवर उमटणाऱ्या काळ्याठिक्कर व्रणावरून दोन्ही भाषांनी, एकमेकींना न विचारता, एकच नाव ठेवले. या रोगाच्या जंतूचे जीवनचक्र रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली उलगडले. हे जंतू प्रतिकूल परिस्थितीत कठीण कवचाचे बीजाणू बनतात आणि मेलेल्या जनावराच्या केसांत, कातड्यात किंवा मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या लोकर कामगारांना ही गोष्ट फार आधी आपल्या मरणांतून कळली होती. लोकरीच्या गिरणीत जे घडत होते ते आता न्हाणीघरात घडू लागले. नवा ब्रश, ओला गाल, पात्याची एखादी बारीक चीर आणि तिच्यावर घासला जाणारा फेस, एवढे बीजाणूंना पुरेसे होते. दोन-तीन दिवसांत गालावर किंवा गळ्यावर पुळी उठे, ती काळी पडे, मान सुजे. पेनिसिलिनचा शोध अजून लागायचा होता (तो १९२८ सालचा), आणि काही रुग्ण दगावत. या प्रकरणाचा आढावा अमेरिकन शास्त्रज्ञांनी २०१७ साली घेतला. त्यावरून सैनिक आणि नागरिक मिळून दोनशेहून अधिक माणसांना या मार्गाने लागण झाल्याचे दिसते.

आकडा लहान आहे. ज्या युद्धात एका दिवसात हजारो माणसे पडत, तेथे दोनशे ही नोंद घेण्याजोगी संख्या नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हांला मात्र या प्रकरणाचा नैतिक आशय मोठा वाटतो. या माणसांनी काही धाडस केले नव्हते. शिस्तीप्रमाणे त्यांनी सकाळी तोंड धुतले आणि दाढी केली. हातातल्या ब्रशावर त्यांचा विश्वास होता. तो कशाचा बनला, कुठून आला, त्याचे केस धुऊन निर्जंतुक केले होते की नाही, हे विचारण्याची त्यांना सोय नव्हती. सैनिक तर निवड करणारा ग्राहकही नव्हता. नक्कल ही सहसा खिशावरची फसवणूक मानली जाते. येथे ती शरीरावरची ठरली.

ब्रिटनमध्ये १९१९ साली अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा झाला आणि १९२० साली जपानमधून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांची आयात बंद करण्यात आली. १९२१ साली लिव्हरपूल येथे लोकर निर्जंतुक करण्याचे सरकारी केंद्र सुरू झाले. पुढे निर्जंतुक केलेल्या केसांचा आग्रह रूढ झाला आणि ही साथ ओसरली. ‘आपल्याला आवडेल तो ब्रश घ्या’ असे आज निर्धास्तपणे सांगता येते, याचे श्रेय ग्राहकाच्या चोखंदळपणाला नाही. ते या कायद्यांना आणि निर्जंतुकीकरणाच्या भट्ट्यांना आहे. आवड ही खाजगी गोष्ट आहे खरी, पण ती सार्वजनिक व्यवस्थेच्या पायावर उभी असते.

४

युद्धानंतर ब्रशापुढे वेगळेच संकट उभे राहिले: त्याची गरजच उरू नये अशी व्यवस्था होऊ लागली. ब्रशावाचून बोटांनी लावायची दाढीची क्रीमे अमेरिकेत निघाली. त्यांपैकी ‘बर्मा-शेव्ह’ची कथा साहित्याच्या वाचकांना रुचेल. १९२५पासून या कंपनीने हमरस्त्यांच्या कडेला लहान लहान लाल पाट्या ओळीने रोवल्या. एकेका पाटीवर यमकबद्ध चुटक्याचा एकेक तुकडा, आणि शेवटच्या पाटीवर कंपनीचे नाव. मोटार पुढे सरकेल तसे पद्य उलगडे. वाचनाचा वेग कवी नव्हे, मोटारचालक ठरवी. १९६३पर्यंत चाललेल्या या पाट्यांवर फ्रँक राउसम यांनी १९६५ साली पुस्तकही लिहिले. यांतल्या एका पद्यात असे भाकीत होते की दाढीचे ब्रश लवकरच वस्तुसंग्रहालयाच्या फळीवर पाहायला मिळतील. काळाने विनोद उलटवला. त्या पाट्यांचाच एक संच स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेला, आणि ब्रश आजही न्हाणीघरात आहे.

ब्रश टिकला, पण त्याचे द्रव्य बदलत गेले. वॉलेस कॅरोदर्स यांनी ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ साली नायलॉन तयार केले, आणि १९३८ साली दात घासण्याच्या ब्रशाचे तंतू म्हणून ते प्रथम बाजारात आले. दाढीच्या ब्रशांत नायलॉन वापरले गेले तेव्हा ते राठ आणि पाणी न धरणारे ठरले, आणि ‘कृत्रिम’ या शब्दाला या क्षेत्रात जो बट्टा लागला तो बराच काळ पुसला गेला नाही. अलीकडे टोकाशी निमुळते होत जाणारे तंतू बनू लागल्यानंतर ती तक्रार उरलेली नाही. तरी शब्दाची अपकीर्ती वस्तूच्या सुधारणेनंतरही रेंगाळते, हे भाषेच्या अभ्यासकांना नवे नाही.

याच्या उलट ‘अस्सल’ या शब्दाची प्रतिष्ठा पाहावी. बॅजरच्या ब्रशांना बाजारात ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ अशी श्रेणींची नावे आहेत. ‘प्युअर’ म्हणजे शुद्ध. सामान्य वाचकाला ही श्रेणी सर्वोच्च वाटेल. प्रत्यक्षात ती सर्वांत खालची. ‘बेस्ट’ तिच्या वर, पण सर्वोत्तम नव्हे. शिवाय या नावांना कोणतेही सर्वमान्य माप नाही. एका कारखान्याचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘सुपर’ला भारी पडू शकतो. विशेषणांचा असा भावफुगवटा आपल्याला पुस्तकांच्या वेष्टनांवरून परिचित आहेच. १९१५ साली रंगवलेला पट्टा फसवत होता; आज छापलेले विशेषण फसवत नसले तरी फारसे काही सांगतही नाही.

‘अस्सल’पणाची आणखी एक बाजू आहे. ब्रिटनने १९७३ साली बॅजरला कायद्याने संरक्षण दिले आणि १९९२च्या कायद्याने ते एकत्रित केले. तरीही इंग्लिश परंपरेचे म्हणून मिरवणारे ब्रश बॅजरच्या केसांचेच राहिले, कारण केस चीनमधून येतात. स्वतःच्या भूमीवर ज्याला मारणे गुन्हा, त्याचेच केस परक्या भूमीवरून आणून परंपरा जपायची, असा हा व्यवहार आहे. २०१८ साली एका प्राणिहक्क संघटनेने चीनमधील बॅजरांच्या हालांचे चित्रण प्रसिद्ध केले, त्यानंतर काही कंपन्यांनी बॅजरचे केस वापरणे बंद केले.

५

आपल्याकडे ब्रशाची कथा थोड्या वेगळ्या वाटेने गेली. येथे तो घरात आला तसा केशकर्तनालयातही आला, आणि तेथे तो एका गालावरून दुसऱ्या गालावर फिरू लागला. ज्या समाजात कोणी कोणाच्या शेजारी बसावे याचेही नियम होते, तेथे सामायिक ब्रश ही साधी वस्तू असूच शकत नव्हती. दलितांचे केस कापण्यास, दाढी करण्यास नकार देणे हे अस्पृश्यतेचे नित्याचे रूप होते. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी सार्वजनिक ठिकाणांच्या प्रवेशावर चर्चा चालू असताना ‘दुकान’ या शब्दाची व्याप्ती विचारली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. आपली सेवा देऊ करणारा कोणीही त्यात येतो. आज संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात जो ‘दुकान’ हा शब्द आहे, त्यात या अर्थाने न्हाव्याची खुर्चीही येते. १९५५च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने अशा नकाराला शिक्षेची जोड दिली. आवडीचा ब्रश निवडण्याच्या चर्चेत हे आठवणे काहींना अप्रस्तुत वाटेल. आम्हांला ते अगदी प्रस्तुत वाटते, कारण ज्याच्या गालाला ब्रश लावायलाच नकार होता, त्याच्यासाठी ब्रशाच्या मऊपणाचा प्रश्न उद्भवत नव्हता.

दुसरा मुद्दा द्रव्याचा. साबणात प्राण्यांची चरबी असते, ही बाब आपल्याकडे धर्मभावनेची होती. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ साली वनस्पती तेलापासून बनवलेला साबण बाजारात आणला, त्यामागे स्वदेशीबरोबर हीही जाणीव होती. साबणाविषयीचा हा प्रश्न ब्रशालाही तितकाच लागू पडतो. जगभर स्वस्त आणि मध्यम किमतीचे ब्रश प्रामुख्याने डुकराच्या राठ केसांचे बनत आले आहेत. हिंदू शाकाहारी, जैन आणि मुसलमान, या तिघांनाही वेगवेगळ्या कारणांनी हे जाणून घेण्याचा हक्क आहे. ‘नैसर्गिक केस’ एवढेच लिहिलेले वेष्टन त्यांना काहीच सांगत नाही. दाढीचा ब्रश विकत घेताना ‘हे केस कोणाचे?’ असे विचारणे हा चोखंदळपणा नाही. तो साधा नागरी प्रश्न आहे.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इतिहासाने तिसरे गृहीत, म्हणजे ज्ञान, आपल्या हाती दिले आहे. त्याचा उपयोग कसा करावा?

केसांचे मुख्य प्रकार चार. डुकराचा केस जाड आणि ताठ. तो पाणी स्वतःत शोषतो, म्हणून वापरण्यापूर्वी काही मिनिटे भिजत ठेवावा लागतो. नवा असताना तो टोचतो. काही आठवड्यांच्या वापराने त्याची टोके दुभंगून मऊ होतात आणि बुंध्याचा ताठपणा कायम राहतो. इटलीतील न्हावी यालाच मानत आले. बॅजरचा केस बारीक, मध्ये किंचित फुगीर आणि टोकाशी निमुळता. तो पाणी केसाकेसांमधल्या जागेत साठवतो आणि त्वचेला मऊ लागतो. घोड्याचा केस या दोहोंच्या मधला. तो आयाळीचा किंवा शेपटीचा असल्याने जनावराला मारावे लागत नाही. स्पेनमध्ये त्याची जुनी परंपरा आहे, आणि निर्जंतुकीकरणाच्या आजच्या पद्धतींमुळे १९१५ची भीती उरलेली नाही. कृत्रिम तंतू भिजवावा लागत नाही, लवकर वाळतो आणि कोणाच्याही अंगावरून येत नाही.

द्रव्यानंतर आकार. झुबक्याचा व्यास साधारणपणे वीस ते सव्वीस मिलिमीटर असतो आणि मुठीबाहेरची उंची पंचेचाळीस ते पंचावन्न मिलिमीटर. आखूड आणि दाट झुबका ताठ राहतो. वडीचा कठीण साबण घुसळण्यास आणि थेट गालावर फेस करण्यास तो चांगला. उंच आणि सैल झुबका लवतो. वाटीत क्रीम फेसण्यास आणि नाजूक त्वचेस तो मानवतो. पाणी जड असेल, जसे आपल्याकडच्या पुष्कळ विहिरींचे आणि कूपनलिकांचे असते, तर त्यातील कॅल्शियममुळे फेस कमी धरतो. तेथे ब्रश बदलण्यापूर्वी साबण थोडा अधिक घ्यावा किंवा पाणी बदलून पाहावे. कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने काही वाळत नाही. तेथे लवकर वाळणारा कृत्रिम तंतू सोयीचा, आणि ज्यांना केसांचाच ब्रश हवा त्यांनी तो स्वच्छ धुऊन, झटकून, हवेशीर जागी ठेवावा. ओला ब्रश डबीत बंद करू नये. मूठ हस्तिदंती असण्याचा काळ १९८९च्या आंतरराष्ट्रीय बंदीने संपवला, हे बरेच झाले. ओल्या हातातून निसटणार नाही अशी कोणतीही मूठ चांगली.

एवढे सांगून झाल्यावर निवड वाचकांची. कोणाला गालावर खरखर हवी असते, कोणाला ती सोसत नाही. कोणी पाच मिनिटे फेस घुसळण्यात रमतो, कोणाला गाडी गाठायची असते. या बाबतीत कोणी कोणाला उपदेश करू नये. आमचे म्हणणे इतकेच, की आवड ही केवळ त्वचेपाशी सुरू होत नाही आणि त्वचेपाशी संपत नाही. ज्याच्या हाती स्वतःची दाढी करण्याचे साधन नव्हते, ज्याला रंगवलेला केस खरा म्हणून दिला गेला, ज्याला खुर्चीत बसू दिले गेले नाही, त्या सर्वांना आवड असणारच. त्यांना निवड नव्हती. आवड आणि निवड या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे, ते पार करायला लागलेल्या काळाचे नाव इतिहास. दुकानातल्या काचेआड एका रांगेत उभे असलेले ब्रश त्या अंतराच्या अलीकडच्या तीरावरचे आहेत. घेताना केस कोणाचे ते विचारावे, छापलेल्या विशेषणापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा, आणि पाणी मात्र विसरू नये.